बेगमचे केस

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर श्रीपती तांबे घराबाहेर पडेनासे झाले. पन्नाशी नुकतीच उलटली होती. रेशनिंग ऑफिसात ते हेडक्लार्क होते, बोलण्याचालण्यात एक रुबाब होता. आता उजवा पाय किंचित ओढला जायचा, शब्द जिभेवर अडखळायचे आणि उजव्या हातात चहाचा कपही ठरत नव्हता. नोकरी त्यांनी सोडली. दाबायला म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, तो बहुतेक वेळ पलंगाखाली पडलेला असायचा. नवघरच्या त्यांच्या बिल्डिंगीत कुणी भेटायला आलं, की ते आतल्या खोलीत जाऊन झोपेचं सोंग घ्यायचे. त्यांच्या पत्नी कांताबाई शाळेत शिकवायच्या. मुलगा नोकरीसाठी औरंगाबादला होता. दिवसभर घरात श्रीपती एकटेच.

समोरच्या ब्लॉकमध्ये रसिका आणि जितेंद्र राहायचे. लग्न झाल्यावर दादरहून इकडे आलेलं जोडपं. जितेंद्र औषधं विकणाऱ्या कंपनीत होता, सारखा फिरतीवर. बायकोला सोबत म्हणून त्याने एक पर्शियन मांजर आणली होती. धुरकट करड्या रंगाची, चपट्या नाकाची, मानेभोवती आयाळीसारखे केस. तिचं नाव बेगम. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात रसिका बाळंतपणासाठी नाशिकला आईकडे निघाली, तेव्हा बेगमला कडेवर घेऊनच तांब्यांच्या दारात उभी राहिली.

"काकू, काही महिने सांभाळाल हिला? आईकडे कुत्रा आहे."

"अगं, घरात आधीच एक आजारी माणूस," कांताबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "त्यात हिचे एवढे केस."

"रोज विंचरलं की फार गळत नाहीत. आणि त्रास कसा द्यायचा हे तिला माहीतच नाही, काकू."

पोटुशी बाई दारात उभी. कांताबाईंना नाही म्हणवेना.

बेगमचं करायला खरंच फार कष्ट नव्हते, पण ते रोज करावं लागायचं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते ओल्या कापसाने पुसायचं. तिच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू बदलायची. शेजारी नवी बिल्डिंग उठत होती, त्यामुळे वाळूला तोटा नव्हता. तोटा होता तो पाण्याचा. टँकर आला की कांताबाई पिंपं भरून घ्यायच्या आणि मोरीत सांडलेल्या पाण्यावर बेगम पोट टेकून पसरायची. उकाडा तिला सोसत नसे. नवघर गावातून मासळी घेऊन येणारी शेवंती पहिल्यांदा तिला बघून दारातच थबकली.

"अगो बाय, ही मांजर हाय का उशी?"

तिने कौतुकाने एक मांदेली पुढे टाकली. बेगमने ती हुंगली आणि तोंड फिरवलं. तिला मासे उकडून, काटे काढून लागायचे.

राहता राहिलं विंचरणं. एका संध्याकाळी कांताबाई पेपर तपासायला बसल्या होत्या आणि बेगम पदराशी घोटाळत होती. त्यांनी तिला उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं, कंगवा शेजारी ठेवला.

"जरा विंचरा हिला. मला आज जमणार नाही."

"मला... कुठे... जमतंय?"

"नाही जमलं तर राहू द्या," असं म्हणून त्यांनी पुढचा पेपर घेतला.

श्रीपतींनी बेगमला डाव्या हाताने धरलं आणि उजव्या हातात कंगवा घेतला. तो पडला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला. कंगवा केसांत अडकून ओढही बसली असणार, पण बेगमने पंजा उगारला नाही, की उठून गेली नाही. कंगवा पडला की ती मान वळवून बघायची आणि परत हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर टेकायची. आजारपणापासून श्रीपतींना एका गोष्टीचा फार राग यायचा. ते बोलताना अडखळले, की समोरचा माणूस घाईघाईने त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचा. या मांजरीला कसलीच घाई नव्हती. त्या संध्याकाळी जेमतेम पाठ विंचरून झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन कंगवा मागितला.

मग ते त्यांचं कामच झालं. पाठ, मग शेपूट, मग मानेभोवतीची आयाळ. पोटाखालचे केस नाजूक, तिथे हात फार हलका चालवावा लागायचा. पावसाळा सरेपर्यंत त्यांच्या बोटांत कंगवा चांगला ठरू लागला, कपही ठरू लागला. एकदा स्वयंपाकघरात कांताबाईंना त्यांचं बोलणं ऐकू आलं. ऑफिसातल्या एका साहेबाची फजिती ते बेगमला सांगत होते, सावकाश, थांबत थांबत, पण शेवटपर्यंत. कांताबाईंनी स्टोव्ह बारीक केला आणि उभ्याउभ्या सगळी हकिकत ऐकली.

रसिका परत आली ती मुलाला, सोनूला, घेऊन. तोवर जितेंद्रने रिक्षाच्या अंतरावर, पेणकरपाड्याला मोठा ब्लॉक घेतला होता. सामान हलवलं त्या दिवशी ती बेगमला न्यायला आली.

"तुझीच आहे गं," कांताबाई म्हणाल्या. श्रीपतींनी बेगमचे डोळे पुसले आणि तिला रसिकाच्या हातात दिलं. नंतरचे बरेच दिवस ते खिडकीशी बसून शेजारचं बांधकाम बघत राहिले.

"आपण दुसरी आणू या का?" कांताबाईंनी विचारलं.

"नको."

दिवाळी झाल्यावर रसिका एका दुपारी आली. श्रीपती सवयीने आत जाऊन पडले होते. चहा घेता घेता ती रडकुंडीला आली.

"काकू, सोनूपुढे मला वेळच मिळत नाही हो. बेगमच्या पोटाखाली, काखेत सगळ्या गाठी झाल्यात. हात लावला की बिचारी अंग चोरते. जितू म्हणतो, डॉक्टरकडे नेऊन सगळे केस काढून टाकू."

आतून पलंग करकरला. श्रीपती दारात येऊन उभे राहिले.

"कापू नको," ते म्हणाले. "मी... येतो."

कांताबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"कांता, लेंगा नको. पँट काढ माझी."

जिना उतरायला त्यांना वेळ लागला. खाली फाटकाशी दुकानवाले ईश्वरभाई होते. "अरे तांबेसाहब, बहोत दिन के बाद!" ते म्हणाले. श्रीपतींचे कान तापले, पण ते थांबले आणि म्हणाले, "हां... अब ठीक है." मग रिक्षात बसले.

पेणकरपाड्याच्या घरात बेगम कपाटाखाली दडून होती. श्रीपती फरशीवर बसले, उजवा पाय लांब केला आणि वाट बघत राहिले. काही वेळाने ती बाहेर आली, त्यांचा हात हुंगला आणि शेजारी आडवी झाली. त्यांनी सोनूची पावडर मागून घेतली. गाठीवर पावडर टाकायची, चोळायची, मग टोकाकडून एकेक केस बोटांनी मोकळा करायचा. ओढायचं नाही. अंधार पडेपर्यंत एका काखेतल्या गाठी सुटल्या.

"उद्या येतो," श्रीपती म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कांताबाई शाळेतून आल्या, तर घराला कुलूप. किल्ली ईश्वरभाईंकडे ठेवलेली. ते कधी गेले, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग त्या घरात आल्या, पंखा लावला आणि कितीतरी महिन्यांनी दुपारच्या शांतपणे झोपल्या.

सगळ्या गाठी सुटायला आठवडा गेला, पण श्रीपतींचं जाणं थांबलं नाही. ते बेगमला विंचरत बसले, की रसिकाची अंघोळ व्हायची, कधी डुलकीही व्हायची. सोनू रांगत येऊन शेपटीला हात घालायचा. "हळू... हळू," असं म्हणत श्रीपती त्याचा हात धरून पाठीवरून फिरवायला शिकवायचे. बेगम डोळे मिटून दोघांचं चालवून घ्यायची.

"काका, तुम्हीच घेऊन जा ना तिला," एकदा रसिका मनापासून म्हणाली. "तुमच्याकडे जास्त सुखात राहील."

श्रीपती हसले. "इथेच बरी आहे. मी घरी... बसलो तर परत बसूनच राहीन."

हिवाळ्यात ते रिक्षा न करता अर्धी वाट पायी यायला लागले. एकदा येताना बाजारात थांबून त्यांनी स्वतः घासाघीस करून मेथीच्या दोन जुड्या आणल्या. मेथी बरीच जून होती. कांताबाईंनी ती बघितली, रद्दीतला पेपर पसरला आणि निवडायला बसल्या. श्रीपती समोर बसून सोनूला आज दुसरा दात कसा आला, ते सांगू लागले.