पेंढी पायरीवर ठेवून

सोलापूरच्या चर्चमध्ये कापणीच्या उपकारस्तुतीला पहिली पेंढी वेदीपर्यंत न्यायची असे, आणि १९२८ साली तो मान तानाबाईला मिळाला. गिरणीत रिळाच्या खात्यात ती कामाला होती. नवरा गेल्यावर, आठ वर्षांपूर्वी, तिनं बाप्तिस्मा घेतला होता. आठवडाभर तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. रविवारी सकाळी नवं हिरवं लुगडं नेसून, मंगळवेढ्याहून आलेली शाळूची पेंढी छातीशी धरून ती दारात उभी राहिली. आत पेटी वाजू लागली, लोक उठून उभे राहिले आणि तानाबाई चालू लागली.

पेटी थांबली. पाळकसाहेब प्रभूचं वचन वाचू लागले. अर्पण आणलंस आणि तुझ्यामुळं कुणाचं मन दुखावलंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, अशा अर्थाचं. तानाबाईनं ते शंभरदा ऐकलं होतं. आज मात्र ऐकता ऐकता तिला चंद्रव्वा दिसली.

चंद्रव्वा तिची पाठची बहीण, होटगीला दिलेली. सहा वर्षांपूर्वी तिनं लेकीच्या बारशाला अक्काला हौसेनं बोलावलं होतं. तानाबाई गेली, उंबऱ्यातच थांबली आणि भरल्या घरात म्हणाली, "तुमच्यात जेवून मला माजा देव बाटवायचा न्हाय." आणि माघारी फिरली. चंद्रव्वाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्यावर कडी म्हणजे, चर्चमध्ये तानाबाईनं हीच गोष्ट साक्ष म्हणून सांगितली. देवाला पहिलं स्थान दिलं, म्हणून लोकांनी तिचं कौतुक केलं.

आता वेदीच्या पायरीशी तिचे पाय थबकले. कसलं देवाला पहिलं स्थान? आपला तोराच तेवढा मिरवला. तिनं पेंढी पायरीवर ठेवली.

"तानाबाई, वर आणा," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"आत्ता न्हाय, साहेब. माजी भैन होटगीला हाय. आदी तिच्याकडं जाऊ द्या."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "मग उभ्या कशाला? पळा!"

तानाबाई भर चर्चमधून पळाली. स्टेशनात तिकीट हातात पडलं तेव्हा होटगीची गाडी हलली होती. "थांबा वो!" ती ओरडली. शेवटच्या डब्यातल्या एका बाईनं हात पुढं केला, तो धरून ती आत जाऊन कोसळली. धापा टाकता टाकता तिला हसूच आलं.

होटगीत उतरल्यावर मात्र हसू पळालं. चंद्रव्वा खळ्यावर होती. शाळू उफणायला तिवईवर चढून ती वाऱ्याची वाट बघत होती, आणि नवरा कल्लप्पा खाली पाट्या भरत होता. अक्काला पाहताच तिनं तोंड फिरवलं.

"चंद्रे, माजं चुकलं," तानाबाई म्हणाली. "सगळ्यांम्होरं तुजा अपमान केला म्या. त्यो बी देवाचं नाव फुडं करून."

"आत्ता व्हय सुचलं?"

तेवढ्यात वारा सुटला. सकाळपासून पडलेला वारा एकदम असा आला की खळ्यातला भुसा गरगर फिरला.

"वारं आलं!" चंद्रव्वा ओरडली. "अक्का, उभी काय ऱ्हातीस? पाटी दे की!"

तानाबाईनं पदर खोचला. पाटी भरायची, वर द्यायची, रिकामी घ्यायची. मोत्यांसारखा शाळू खाली पडत होता, भुसा उडून नव्या लुगड्यावर बसत होता.

"सा वरसं!" चंद्रव्वा वरून भांडत होती. "बाया इचारायच्या, तुजी अक्का का येत न्हाय? काय सांगू मी?"

"अक्काचंच चुकलं, असं सांगायचं."

"सांगितलं की तसंच!"

दोघींना एकदमच हसू फुटलं. चंद्रव्वानं तिवईवरून उडी मारली आणि भुशानं माखलेल्या अक्काला मिठी घातली. मग दोघी ढसाढसा रडल्या.

"वारं जाईल!" कल्लप्पा कळवळून म्हणाला, तेव्हा कुठं पाट्या पुन्हा चालू झाल्या.

वारा पडल्यावर झाडाखाली सगळी बसली. चंद्रव्वानं भाकरीवर ठेचा घालून अक्काच्या हातात दिली. तानाबाई घुटमळली.

"तुजी परार्थना कर की," चंद्रव्वा म्हणाली. "आमी थांबतो."

तानाबाईनं डोळे मिटले.

"आन अक्का, डाव्या बैलाच्या खुराला लागलंय. त्येचं बी नाव घे."

तानाबाईनं बैलाचंही नाव घेतलं.