गारंबी, चार मिनिटं सात सेकंद

आहुप्याच्या देवराईतलं कोणतं झाड कशाला उपयोगी, हे सांगू शकणारा एकच माणूस गावात उरला होता: रखमाजी. दिवाळीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली.

त्याआधी, भाद्रपदात, सुदर्शननं आपल्या या चुलत आजोबांना लॅपटॉपपुढं बसवलं होतं. राईतल्या बावीस झाडावेलींचे फोटो त्यानं एकामागून एक लावले होते. खाली नावं लिहायला गेला, तर म्हातारा उखडला.

"अक्षरं नगं. अक्षरं दिसली की मानसं झाडाकडं बघत न्हाईत. मी सांगतो की! मी काय मेलोय व्हय?"

मग ते सांगत राहिले. एकाचं सांगून झालं की म्हणत, "हं, सरक पुढं," आणि सुदर्शन बटण दाबी. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. अखेरीस यंत्रानं विचारलं, या वेळा जपून ठेवू का? त्यानं हो म्हटलं. सारं आत सुखरूप आहे, या भरवशावर पाच महिने गेले.

माघात तो घोडेगावला तौहीदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. फोटोंचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायचा होता. पुण्या-चाकणला गेलेल्या पोरांनी निदान ऐकावं, म्हणून. एकतीस मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला. पहिला हिरडा पडद्यावर आला आणि गप्प उभा राहिला.

"आवाज येत नाय राव." तौहीदनं स्पीकरची वायर हलवली, मग मूळ फाइल उघडून बराच वेळ पाहिलं. "सुदर्शनभाऊ, तू रेकॉर्ड केलंच नाय. तू सराव केलायस. कुठलं चित्र किती वेळ थांबलं, तेवढंच ह्यानं धरलंय."

"आणि बोलणं?"

"माइक बंद व्हता, बोलणं कुठून येणार? म्हाताऱ्याला परत बसव की, त्यात काय!"

सुदर्शननं दिवाळीत काय झालं ते सांगितलं. तौहीदचा हात माउसवरून खाली आला.

जांभळापाशी वीस सेकंद. गारंबीच्या वेलापाशी चार मिनिटं सात सेकंद. एवढा वेळ काय सांगितलं होतं त्यांनी? सुदर्शननं आठवून पाहिलं. त्या दिवशी तो ऐकत नव्हताच. घड्याळ नीट पळतंय ना, ते पाहत होता.

"टाकू का वर?" तौहीदनं हळूच विचारलं.

"आधी त्यांना दाखवतो."

दुपारच्या एसटीनं तो आहुप्याला पोहोचला. चिमाबाईंनी नवऱ्याला भिंतीशी टेकवून बसवलं आणि पदरानं त्यांच्या ओठांची कड पुसली.

"आता ह्ये समद्यांना दिसंल न्हवं, बाळा?"

"दिसेल, आजी."

रखमाजी लॅपटॉपवर झाडं पाहत राहिले. गारंबी आली तशी त्यांची मान उचलली गेली. डावा हात वेलाच्या पिळाबरोबर हवेत वर चढू लागला. ओठ हलले. घशातून एक जाड, बोथट आवाज निघाला, मोडला, पुन्हा निघाला. सुदर्शन पुढं वाकला. या खेपेला तो जीव कानांत आणून ऐकत होता. एक अक्षरही वेगळं होईना. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. हात अजून वेलाच्या अर्ध्यावर होता.

चार मिनिटं सात सेकंद झाली आणि चित्र बदललं. सरक पुढं, असं कोणी म्हटलं नव्हतं.