चार बोटे उणी

मित्रांनो, मी एक जुनी हर्ली आहे. हर्ली म्हणजे हर्लिंग या काठी-चेंडूच्या मैदानी खेळातली लाकडी काठी. वर हातात धरायचा दांडा, खाली पसरट पाते आणि पात्यावर पत्र्याची पट्टी. आज मला पाहून वाटेल की मी जन्मापासूनच आखूड आहे. तसे नाही. एके काळी मी चांगली उंच होते आणि त्या उंचीचा मला गर्वही होता. तो कसा उतरला, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

बॅलिकरा गावात हर्ली बनवणारे मॉसी हॅकेट यांच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. अ‍ॅशच्या झाडाचा बुंधा जिथे मुळांकडे वळतो, तिथले लाकूड हर्लीला लागते. लाकडाची रेषा पात्याबरोबर वळली तर काठी टिकते, नाहीतर पहिल्याच दणक्याला तिचे दोन तुकडे होतात. मॉसींनी मला तासले, वाकवून पाहिले आणि मान डोलावली. कोल्मन टियर्नी नावाचा एक ताडमाड तरुण आला, त्याने मला हवेत एकदा फिरवले आणि पुन्हा खाली ठेवलेच नाही.

कोल्मनबरोबर मी जिवापाड काम केले. एका वर्षी अंतिम सामन्यात मैदानाचा नुसता चिखल झाला होता. शेवटच्या क्षणी जो गोल झाला, तो माझ्याच पात्यावरून. त्या दणक्याने माझ्या टोकाला चीर गेली आणि तिच्यावर ही पत्र्याची पट्टी बसली. पुढे कोल्मनचा गुडघा कामातून गेला आणि आम्ही दोघे बरोबरच निवृत्त झालो. त्याने मला शेकोटीच्या वर, दोन खिळ्यांवर टांगले.

तिथे माझे फार कौतुक झाले. पाहुणा आला, चहा झाला, की कोल्मन माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "हीच ती!" मग गोलाची गोष्ट सुरू. ती दर वेळी थोडी लांबायची. पुढे पुढे तर त्या गोलाआधी कोल्मन इतक्या जणांना चुकवू लागला, की एका संघात खेळतात तरी किती जण, असा मलाच प्रश्न पडे. कौतुक झाले, पण मला जवसाचे तेल लावायचे कुणाला सुचले नाही. शेकोटीच्या धगीने मी आतून वाळत चालले होते.

कोल्मनची मुलगी ईमर अंगाने चिमुरडी होती. शाळेतल्या मैत्रिणी मैदानावर जाऊ लागल्या, तसा तिनेही हट्ट धरला. मुलींच्या हर्लिंगला आमच्याकडे कमोगी म्हणतात. नाव वेगळे, पण काठी तीच आणि मारही तोच. कोल्मनला आभाळ ठेंगणे झाले. त्याने मला खिळ्यांवरून उतरवले, पुसले आणि दांड्याला नवी पांढरी पट्टी गुंडाळली.

"डॅडी, ही मला मोठी होतेय," ईमर म्हणाली.

"होऊ दे की! वाढत्या अंगाची आहे. बघता बघता कमी पडेल. अगं, या काठीनं गावाला कप आणून दिलाय!"

मित्रांनो, ही चूक आमच्या गावात घरोघरी होते. बूट मापाचे घेतील, हर्ली मात्र वाढत्या अंगाची. त्यातून ती बापाची असली तर मग बोलायलाच नको. आणि मी? मी मनातून फुलून गेले होते. पोरीला मी जड आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

गावात टपाल वाटणारी डर्व्हला संध्याकाळी मुलींना शिकवायची. तिचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला आरामात पोचायचा.

"जोराचा हात दांड्यावर वर! दुसरा खाली. गुडघे वाकवा! आणि चेंडूकडे बघा गं, काठीकडे काय बघताय? ती कुठे पळून जात नाही!"

ईमर सगळे मन लावून करायची. पण ती वाकली की माझ्या दांड्याचे टोक तिच्या पोटात रुतायचे. म्हणून ती हात खाली सरकवून मला मध्येच धरायची. पाते चेंडूखाली सारून तो अलगद उचलायचा असतो. माझे जड पाते तिथे पोचेपर्यंत दुसरीच कुणीतरी चेंडू घेऊन पसार व्हायची.

"ईमर, खेळतेयस की गवत कापतेयस?" एकीने टोमणा मारला. कुंपणापलीकडून कोल्मन ओरडायचा, "वर धर, वर! दांड्याचं टोक काय शोभेला ठेवलंय का?"

एके दिवशी डर्व्हलाने ईमरला सरळ उभे केले, हात खाली सोडायला लावले आणि मला तिच्या बाजूला टेकवले.

"टोक मनगटाच्या हाडाला आलं पाहिजे. ही बघ कुठे गेलीय! चार बोटं तरी कापावी लागतील. सांगते तुझ्या डॅडीला."

"नको ना! डॅडीची आहे ती."

"मग तोवर माझ्याकडची दुसरी घे."

"डॅडी कुंपणाशी उभा असतो. त्याला दिसेल."

डर्व्हलाने कपाळाला हात लावला. "अगं वेडे, रविवारी सामना आहे. ही काठी घेऊन मी तुला उतरवणार नाही. स्वतःला लागून घेशील, नाहीतर दुसरीला लागेल."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ईमरने मला दाराशी उभे केले आणि म्हणाली, "डॅडी, मला नाही आवडत हा खेळ. मी नाही जाणार आता."

ती धडधडीत खोटे बोलत होती. आदल्याच रात्री ती मला कुशीत घेऊन झोपली होती. पण मी काठी, मी काय बोलणार!

कोल्मनचा चेहरा पडला. "बरं," एवढेच तो म्हणाला. त्याने मला उचलले आणि खिळ्यांवर टेकवता टेकवता तो थांबला. दांड्यावरची पांढरी पट्टी टोकाला कोरी करकरीत होती. खाली मात्र चिखलाने आणि घामाने काळी पडली होती आणि तिथे लहान लहान बोटांचे ठसे होते. कोल्मनने त्या ठशांवर आपला रुंद हात ठेवला.

"ईमर, पोटाला लागायचं का गं?"

"थोडंसं."

"मग बोलली का नाहीस?"

ईमर रडतच म्हणाली, "ही कापली तर तू पाहुण्यांना काय दाखवशील?"

त्याने मला एका हातात घेतले, दुसऱ्या हातात तिचा हात घेतला आणि तडक मॉसींची शेड गाठली.

मॉसी आता पार म्हातारे झाले होते, जीभ मात्र तशीच तिखट होती. "करवत तूच धर. बापाची काठी बापानंच कापायची, असा माझ्या शेडचा नियम आहे. मी कापली की जन्मभर मलाच शिव्या खाव्या लागतात."

कोल्मनने करवत टेकवली आणि त्याचा हात अडला. खरे सांगते, मलाही कापून घ्यायचे नव्हते. तो गोल, ते कौतुक, माझी उंची, सगळे डोळ्यांपुढे आले. तेवढ्यात मी हलू नये म्हणून ईमरने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. त्या हातांना घट्टे पडले होते. ते माझ्यामुळेच पडले होते. मग मीच मनात म्हटले, चालव बाबा करवत.

दुखले. दुखले नाही असे कशाला म्हणू? पण माझी चार बोटे भुशात पडली आणि मला फार हलके वाटले.

"आता खाली जड झाली. पातंही हलकं करायला हवं," म्हणत मॉसींनी माझे पाते तासले. मग जवसाचे तेल चोळले. इतक्या वर्षांची तहान, मी ते घटाघटा प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या डेअरीची मागची भिंत ही आमची शाळा झाली. चेंडू भिंतीवर मारायचा, आला की अडवायचा, उचलायचा, पुन्हा मारायचा. उजवीकडून लवकर जमले. डावीकडून मात्र चेंडू कधी गटारात जाई, तर कधी शेजारच्या कोबीत. शेजारीण कावली, पण ईमर हटली नाही. "डावी कच्ची असली की समोरच्याला आधीच कळतं तू कुठे मारणार," असे डर्व्हलाने बजावले होते. हळूहळू भिंतीवरचा आवाज एका लयीत येऊ लागला.

रविवारी डर्व्हलाने ईमरला सामना संपत आला तेव्हा उतरवले. समोर तिच्या दीडपट उंचीची मुलगी होती. चेंडू आला. ईमरने गुडघे वाकवले, माझे पाते जमिनीलगत सरकले आणि चेंडू तिच्या तळहातावर अलगद आला. ती वळली आणि तिने टोला हाणला, तोही डावीकडून! चेंडू थेट पुढच्या मैत्रिणीकडे गेला. गोल झाला नाही. सामना आम्ही हरलो. पण कुंपणाशी उभ्या कोल्मनच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि हे त्या गावाने प्रथमच पाहिले.

आता शेकोटीच्या वर एकाच खिळ्याला चार बोटांचा लाकडी तुकडा बांधलेला आहे. पाहुणे विचारतात, "हर्ली कुठे गेली रे?"

"कामाला गेलीय," कोल्मन म्हणतो आणि ईमरच्या त्या टोल्याची गोष्ट सुरू करतो. परवापर्यंत तिने तीन जणींना चुकवले होते. पुढच्या पाहुण्यापर्यंत पाच होतील.

मित्रांनो, अ‍ॅशच्या झाडांना हल्ली रोग लागला आहे. माझ्यासारखे लाकूड आता सहज मिळत नाही. म्हणून जुन्या वस्तू जपा, पण जपायच्या म्हणून टांगून ठेवू नका. ईमर वाढतेच आहे. लवकरच तिचे मनगट माझ्या वर जाईल. तेव्हा मला एखाद्या छोट्या मुलीच्या बाजूला उभे करून बघा. मी लांब पडले तर खुशाल आणखी कापा. जवसाचे तेल तेवढे लावायला विसरू नका.