मार्मेलाडा या शब्दाची घरे

मी जुना आहे, पण हातात धरता येईल अशी वस्तू नाही. मी एक शब्द आहे, मित्रांनो. पोर्तुगालमध्ये मला मार्मेलाडा म्हणतात. मार्मेलु हे पिवळे, तुरट, दगडासारखे कडक फळ. तुमच्याकडे त्याच्या बिया बिहीदाणा म्हणून विकतात. ते साखरेत आटवून, वाडग्यांत ओतून उन्हात ठेवले, की सुरीने कापता येईल अशी लालसर वडी होते. ती वडी म्हणजे मी. निदान या घरात तरी.

हे घर फेलिश्मिनाचे. जूनमध्ये तिला पक्षाघात झाला. हात परतला, पाय परतला, शब्द मात्र एकही परतला नाही. आज ऑक्टोबरातला शनिवार. ती खुर्चीत बसली आहे. तिची धाकटी बहीण देओलिंदा तांब्याच्या पातेल्यात ढवळते आहे, आणि हॅम्बुर्गहून आलेला मुलगा अल्वारू दारात उभा आहे.

"मावशी, सोमवारची तिकिटं काढलीत. आईचं पण."

"तिला विचारलंस?"

"विचारून उत्तर कोण देणार? एकटी राहते. उद्या पडली, तर फोनवर एक शब्द तरी बोलता यायला नको?"

"मी आहे ना शेजारी."

"तू स्वतः सत्तरीची. तुला कोण उचलणार?"

"तुझे जर्मन येतील की उचलायला! सरक, उजेड अडवू नकोस."

फेलिश्मिनाने मान जोरात हलवली. तिला जायचे नव्हते. ते सगळ्यांना कळत होते, पण मान हलवणे फोनवर ऐकू येत नाही.

मी माझा जन्म सांगत होतो. माझी आजी ग्रीक. तिचा अर्थ मधाचे सफरचंद. ती रोमन लोकांच्या तोंडी बसली, आणि तिच्या वंशात, इथे पश्चिम किनाऱ्यावर, मी जन्मलो. मग लाकडी खोक्यांत बसून जहाजाने इंग्लंडला गेलो. तिथले श्रीमंत लोक जेवणानंतर पचनासाठी मला खात. पुढे तिथे संत्र्याने माझे फळ बाहेर काढले आणि नाव तेवढे ठेवून घेतले. एका आजारी राणीवरून माझे नाव पडले, अशी थापही तिथेच निघाली. जर्मनीत लोक मला कुठल्याही फळाच्या मुरंब्याला लावतात. फ्रान्समध्ये मी शिजून लगदा झालेले फळ आहे. फिरत फिरत आजीच्या ग्रीसला पोहोचलो, तर तिथे मला स्ट्रॉबेरीच्या बरणीवर चिकटवले. आजी काही—

थांबा. देओलिंदाने पातेले उतरवले.

तिची चूक सांगतो. बावीस वर्षे ती एडिंबरोच्या एका खानावळीत संत्र्याचा प्रकार करत होती. तिथे गार बशीवर एक थेंब टाकतात. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली, की झाले. इथे परत आल्यापासून दर वर्षी ताई ढवळायची आणि ही फक्त फळे सोलायची. आज हिने सवयीने बशी घेतली, सुरकुती पाहिली आणि गॅस बंद केला.

"रस्ता!"

देओलिंदाच्या हातातली बशी फुटली.

"रस्ता कुठाय? गधडे! रस्ता!"

या गावची रीत अशी: पातेल्याच्या तळावरून लाकडी चमचा ओढायचा. गोळा दुभंगून तळ रस्त्यासारखा दिसला आणि दिसत राहिला, तरच उतरवायचे. देओलिंदाने पातेले पुन्हा ठेवले.

"बघ रे, अल्वारू! चार महिन्यांनी तोंड उघडलं, ते मला शिव्या घालायला!"

"आई, अजून काहीतरी बोल. काहीही."

तिने ओठ मिटले. म... म... मी अगदी जिभेपाशी होतो. पण आलो नाही. खरे सांगतो, मला वाईट वाटले. पातेल्यात मी, आणि पहिला शब्द होण्याचा मान 'रस्ता'ला.

सोमवारी अल्वारू एकटाच गेला. अट एकच: रोज संध्याकाळी तो फोन करणार आणि आईने शब्दात उत्तर द्यायचे. "नाताळपर्यंत बघू, मावशी," असे म्हणाला.

देओलिंदा आता रोज बहिणीसमोर मुद्दाम काहीतरी चुकवते. परवा सूपमध्ये मीठच घातले नाही. काल बटाटे सालीसकट किसले. फेलिश्मिनाजवळ सध्या सहा शब्द आहेत. त्यांतले तीन चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. मी त्यांत नाही.

मित्रांनो, एक विनंती. ज्याची वाचा गेली आहे त्याला "बोल, बोल" म्हणून चित्रे दाखवत बसू नका. त्याच्यासमोर त्याचे काम करा, आणि जमले तर चुकीचे करा. माझी काळजी करू नका. आजीपासून धरले, तर आमचे घराणे दोन हजार वर्षे टिकून आहे; मी थांबू शकतो. फेलिश्मिना चौऱ्याहत्तरची आहे. घाई तिच्यासाठी करा.