सात वर्षांचं रोप आणि पाच केळी

गुरुवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर फूलबाबा, आणि त्यांच्यापुढे तांब्याचा भला मोठा हंडा. ज्याच्या घरच्या झाडाला फूल आलं, त्यानं आपली औषधं त्या हंड्यात सोडायची आणि रोगातून मोकळं व्हायचं! दम्याचे पंप, बीपीच्या गोळ्या, सगळं धडाधड पडत होतं, आणि शिकलेसवरलेले लोक टाळ्या पिटत होते.

"हे रोप हिमालयातलं!" बाबा गरजले. "बियाण्यावाचून उगवलेलं, स्वयंभू! सात दिवस प्लास्टिकच्या पिशवीत झाकायचं, आत पाच पिकल्या केळ्यांचा नैवेद्य. मग रोज एकशे आठ वेळा मंत्र. दोन महिन्यांत फूल! पुढं झाड वाळेल. घाबरू नका, तुमचा रोग त्यानं अंगावर घेतला म्हणून समजा."

सरोजिनीबाईंचे यजमान ढुंढिराज रोपासाठी रांगेत उभे होते. अठरा वर्षांचा मधुमेह, आणि गोळ्यांचा तितकाच जुना कंटाळा. त्यांच्या पुढं सायखेड्याच्या पुतळाबाई होत्या.

"माझ्या हिरामणला फिट येती," त्या सांगत होत्या. "लय कडक देव हाय म्हणत्यात. फूल आलं का गोळ्या बंद."

शेजारी उभ्या सरोजिनीबाईंनी यजमानांच्या हाती आलेलं रोप निरखून पाहिलं. पानं ओळखीची वाटली.

घरी येताच त्यांनी बाबांच्या कुंडीतली माती उकरली. मुळाशी आइस्क्रीमची काडी निघाली. काडीवर तारीख, २ मार्च ९१. अक्षर त्यांचंच!

त्या दिवशी त्यांनी पेढ्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात काथ्याचा भुसा भरून, मोहरीहून बारीक बी नुसतं वर भुरभुरलं होतं. झाड ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्याच कुळातलं. झाकण लावायचं, उजेडात ठेवायचं, रोज पाण्याचा फवारा मारायचा. वर्षभरानं रोपं जेमतेम तांदळाएवढी झाली. जास्तीची त्यांनी गेल्या साली नर्सरीवाल्या भिमाजीला दिली होती.

"अहो, तुमचा हिमालय आपल्या गॅलरीत आहे!"

"असेल. पण सात वर्षांत तुझ्या एका तरी रोपाला फूल आलं का?" ढुंढिराज म्हणाले. "याला आलं, की माझ्या गोळ्या हंड्यात. झालं!"

हे मात्र बाईंना झोंबलं. त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. तिथं तांदळाच्या डब्यात कच्चे चिकू पिकायला घातले होते, आणि ते लवकर पिकावेत म्हणून सोबत एक पिकलं केळं. बाई त्या केळ्याकडं बघतच राहिल्या.

त्याच पेरणीतली दोन रोपं त्यांनी गॅलरीतून उचलली. एक पिशवीत घातलं, पण केळ्यांशिवाय. "याला मंत्र तुम्ही म्हणायचा. एकशे आठ, एकही कमी नाही." दुसऱ्याच्या पिशवीत पाच पिकली केळी, मंत्र मुळीच नाही. उलट रोज सकाळी बाईंच्या शिव्या: "मेल्या, फुलतोस की देऊ फेकून?" बाबांचं रोप देवघरात, केळी, मंत्र, सगळ्या सरंजामासह. सात दिवसांनी पिशव्या काढल्या. मंत्र चालूच राहिला.

आठव्या आठवड्यात ढुंढिराजांचा घसा पार बसला. बाबांच्या रोपाच्या मधोमध लालभडक तुरा आला. शिव्या खाल्लेल्या रोपालाही आला, त्याच आठवड्यात. मंत्राचं रोप जसंच्या तसं, हिरवंगार आणि मख्ख.

"केळं?" ढुंढिराजांनी विचारलं.

"केळं. पिकल्या फळातून वायू सुटतो. त्यानं चिकू पिकतात आणि या झाडाला तुरा येतो. झाड वयात आलेलं हवं, बस्स. ती सात वर्षं मी काढली, बाबांनी नाही!"

गुरुवारी तिन्ही कुंड्या रिक्षात घालून दोघं कार्यालयात पोचले. बाईंनी सगळी हकीकत भर सभेत सांगितली.

"माईंच्या हातात देवी आहे!" बाबांनी हात जोडले.

"देवी नाही, केळी आहेत," बाई म्हणाल्या. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. "आणि झाड वाळतं म्हणता? घड आला की केळसुद्धा मरते, बुडाशी पिलं सोडून. हेही तसंच. परसातल्या केळीनं आजवर कुणाचा रोग घेतलाय?"

"श्रद्धा नसेल तर..."

"श्रद्धा माझी होती!" ढुंढिराज बसक्या आवाजात ओरडले. "दोन महिने घसा फोडला, तरी ते झाड ढिम्म!" हंड्यात टाकायला बाजूला काढलेलं गोळ्यांचं पाकीट त्यांनी खिशातून काढलं आणि एक गोळी बाबांच्याच तीर्थानं घटकन गिळली.

हंड्याजवळ पुतळाबाई उभ्या होत्या. एका हातात फुललेली कुंडी, दुसऱ्या मुठीत हिरामणच्या गोळ्या.

"बाई, टाकू का नको?"

"फूल खुशाल देवाला वाहा," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पण ते कशानं आलं ते विचारा. आणि गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरला विचारा, फुलाला नको."

पुतळाबाईंनी कुंडी बाबांच्या पायाशी ठेवली. मूठ मात्र उघडली नाही. गोळ्या पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ दातांनी आवळली, आणि त्या रांगेतून बाहेर पडल्या.