कठड्यापलीकडे

सुनेने कडेच्या बाजूचं मागचं दार उघडलं आणि सासऱ्यांचा सीटबेल्ट सोडवला.

"बाबा, उतरा. कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं."

"तू जा. मी इथे बरा आहे."

गाडीचा क्लच गेला होता. ती कशीबशी हायवेच्या कडेला लागली होती, आणि ट्रक असे शेजारून जात होते की दर वेळी गाडी हादरत होती. हा माणूस मात्र दवाखान्यात नंबराची वाट पाहावी तसा बसलेला.

तिला त्यांचा मनस्वी तिटकारा आला. यांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलेलं. बंद पडलेल्या गाडीत बसून राहणाऱ्याला हेच अकलेचा कांदा म्हणायचे. आज निघाल्यापासून तिच्या चालवण्याला नावं ठेवून झाली होती, आता सुनेचं ऐकायचं नाही म्हणून जीवही द्यायची तयारी दिसत होती.

"लोकांना शिकवलंत ते फक्त फीपुरतं होतं का?"

ते काचेबाहेर बघत राहिले. "मागे इशाऱ्याचा त्रिकोण फार जवळ ठेवलास."

"वळणाच्या अलीकडे ठेवलाय. उतरा आता."

एक टँकर हॉर्न दाबत इतक्या जवळून गेला की दार तिच्या हातात थरथरलं. तिने त्यांचं मनगट धरलं आणि सरळ ओढलं. ते उतरले, कठड्यापर्यंत आले. कठडा जेमतेम मांडीएवढा. त्यांनी पाय उचलला. तो वीतभर वर गेला आणि खाली आला. पुन्हा तेच. मग ते वाकून पँट झटकू लागले, जणू तेवढ्यासाठीच पाय उचलला होता.

गेल्या वर्षी त्यांनी आपला बिछाना वरच्या खोलीतून खाली आणला होता. तुमचा टीव्ही ऐकवत नाही, म्हणाले होते; जिन्याचं नावही काढलं नव्हतं. नवरा-बायको त्यावर कितीतरी दिवस हसले होते. तिला आता स्वतःची लाज वाटली.

"कठड्यावर बसा. पाय मी उचलते."

"लोक बघतायत."

"बघू देत."

तिने एकेक पाय धरून पलीकडे घेतला. त्यांनी दात आवळले. तीही कठडा ओलांडून आली आणि त्यांना खांद्याचा आधार देऊन उतारावर जरा लांब घेऊन गेली.

"घरी बोलू नकोस."

"बोलणार. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"गाडी कोण चालवणार?"

"मीच."

"मग टॅक्सीने जाऊ," ते म्हणाले. तिचा खांदा मात्र त्यांनी सोडला नाही.