चार्ज करा
मी चार्ज. इंग्रजीतून आलेलं क्रियापद, पण भिलाईत इतका रुळलोय की मला परका कोणी म्हणत नाही.

माझं मूळ लॅटिनमधलं. तिकडे गाडीत माल भरणं एवढाच माझा अर्थ होता. फ्रेंच लोकांनी मला इंग्रजांकडे पोचवलं आणि मग अर्थ वाढतच गेले. तोफेत दारू भरणं मीच, काम सोपवणं मीच, आरोप ठेवणंही मीच. मोबाईलात वीज भरायची, तरी मीच. शब्दाला नाही म्हणता येत नाही.

इथल्या एका लहान कारखान्यात माझी दोन घरं होती. भट्टीवर गुलाबराव मिस्त्री 'चार्ज करा' म्हणाले की माणसं भट्टीत भंगार टाकत. वीजघरात पंजाबराव हेच ऐकून बंद तारेत वीज सोडत. वर्षानुवर्षं गल्लत झाली नाही, कारण मध्ये भिंत होती. मग सगळ्यांच्या हातात वॉकीटॉकी आला.

त्या सकाळी शालिकराम तार जोडायला खांबावर चढणार होता.

"भाऊ, मी सांगन तवाच चालू करजा. तुमाले भलती घाई रायते."

"जाय बे! पहिले चढून तं दाखव, पोट सुटलं तुहं," पंजाबराव हसले.

थोड्या वेळानं वॉकीटॉकीत खरखर झाली. "झालं ना? चला, चार्ज करा!"

बोलले होते गुलाबराव, भट्टीवरच्या माणसांना. पंजाबरावांना वाटलं, शालिकरामच. त्यांनी खटका वर केला.

शालिकरामचा जीव खांबावरच गेला.

पंजाबरावांना चार्जशीट मिळाली. त्यांचा चार्ज दुसऱ्याकडे गेला. दोन्हीकडे मीच होतो.

तेरवी झाल्यावर ते शालिकरामच्या घरी गेले. आत जायचा धीर होईना, उंबऱ्याबाहेरच बसले. त्याची बायको बेबीताई पाणी घेऊन आली. तिनं एवढंच विचारलं, "भाऊजी, कावून चालू केलं?"

"मले आयकू आलं, चार्ज करा."

"अन् गुलाबराव मिस्त्रीनं काय म्हटलं होतं?"

"चार्ज करा."

"मंग गलत तं कोनीच नाही बोललं," ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

बाबांनो, तुमच्या पाया पडतो. माणूस तारेवर असेल तिथं मला बोलावू नका. वीज सोडायची तर वीज सोड म्हणा, भंगार टाकायचं तर भंगार टाक म्हणा. कोणाला सांगताय त्याचं नाव घ्या. माझा अर्थ मला निवडता येत नाही. तो ऐकणारा निवडतो, आणि मरतो तिसराच.